शेतीला पोसणारी घरं

१९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एका गावाचा घरटी जमाखर्च छापला. गाव पिंपळे सौदागर, पवनेच्या काठचं, पुण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं. मान मूळचे रसायनशास्त्राचे. आसामात चहाच्या मळ्यांसाठी मातीचं काम करून ते पुण्याला आले होते. मातीचे नमुने तपासणाऱ्या माणसाने इथे माणसांच्या घरात डोकावून पाहिलं. जमीन किती, कर्ज किती, बैल किती, बाहेरून मजुरी किती येते, आणि गावच्याच रीतीने साधं राहायचं तर खर्च किती, असं त्यांनी १०३ कुटुंबांना विचारलं.

नुसत्या जमिनीवर ज्यांचं भागत होतं अशी घरं निघाली ८. बाहेरच्या कामाची जोड देऊन तोंडमिळवणी करणारी २८. उरलेली ६७ घरं शेती करून आणि मजुरी करूनही तुटीत. चार वर्षांनी, १९२१ मध्ये, मान आणि एन. व्ही. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा असाच हिशेब मांडला. ते गाव कोरडवाहू आणि शहरापासून लांब. तिथल्या १४७ घरांत जमिनीवर भागणारी १०, जोडकामाने भागणारी १२ आणि तुटीतली १२५.

हे आकडे सुरुवातीलाच द्यायचं कारण आहे. जुन्या खेड्याची एक गोड गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. घरचं पिकायचं, घरचं खायचं, दुकानातून यायचं ते मीठ आणि काडेपेटी. त्यातलं मिठाचं आणि काडेपेटीचं खरं आहे. बाकीचं पिंपळे सौदागरात आठ घरांना लागू पडतं. दख्खनच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात तरी, शेतीने कुटुंब पोसलं यापेक्षा कुटुंबाने बाहेरून कमवून आणून शेती पोसली, असंच निदान शंभर वर्षं चालत आलेलं दिसतं. राहणीमान बदललं ते बाहेरून येणाऱ्या पैशाच्या चालीने. बांधाच्या आतल्या पिकाचा त्यात वाटा होता, पण धाकटा.

मान यांनी पेशवाईतले जुने कागदही चाळले होते. १७७१ मध्ये पिंपळे सौदागरातलं सरासरी खातं ४० एकरांचं होतं. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आलं, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ वर, आणि १९१४-१५ मध्ये ७ वर. पाऊस तेवढाच, नांगर तोच, आणि जमीन जवळजवळ सहाव्या हिश्शावर.

बरं, ती सात एकरं एका जागी असती तरी ठीक. गावातल्या १५६ खातेदारांकडे मिळून सातशेहून जास्त तुकडे होते. हे कसं होतं ते कुठल्याही वाटणीला बसलेल्या माणसाला ठाऊक असतं. बापाची थोडी काळी जमीन असते, थोडी मुरमाड, थोडी विहिरीखालची. तीन भावांपैकी नुसती मुरमाड कोण घेईल? म्हणून काळीचे तीन, मुरमाडीचे तीन, विहिरीखालच्या पट्टीचेही तीन तुकडे पडतात. विहिरीची पाळी ठरते, बांधावरच्या आंब्यालासुद्धा हिस्सेदार असतात. पुढच्या पिढीत त्याच तीनाचे नऊ. साहेब लोकांनी याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हटलं. मला तो तसा वाटत नाही. कमी पावसात काळी ओल धरते, अतिपावसात मुरमाड तगते. दोन्हीकडे थोडं थोडं पेरलेलं असलं की वर्ष पूर्ण हातचं जात नाही. विमा कंपनी नसलेल्या काळातला हा विमा होता. त्याचा हप्ता मात्र जबर होता, कारण औत एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नेण्यात दिवस जायचा आणि बांध कोरल्याच्या भांडणात आयुष्यं जायची.

मग पोटाला पुरेल एवढी जमीन म्हणजे किती? मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक जी. कीटिंग यांच्या मते एका जागी असलेली ४० ते ५० एकर बरी जमीन आणि निदान एक चांगली विहीर. मान यांच्या मते २० एकर. दोघांचे आकडे वेगळे असले तरी विचार एकाच दिशेचा होता: तुकडे जोडा, खाती मोठी करा.

याला १९१८ मध्ये एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने उत्तर दिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातल्या छोट्या शेतखात्यांवरचा निबंध त्या वर्षी ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त आला. त्यांचा पहिला आक्षेप व्याख्येवरच होता. कुटुंबाच्या खाण्यापिण्याला किती जमीन लागते यावरून खातं किफायतशीर आहे की नाही हे ठरवणं म्हणजे उपभोगाच्या बाजूने मोजणं. शेत हा उत्पादनाचा धंदा आहे. तिथे जमिनीला भांडवल, बैल, अवजारं आणि माणसं यांचं प्रमाण बसतं का, हे पाहायला हवं. बैलच नसलेल्या माणसाला आणखी दहा एकर दिली तर ती पडीक राहतील. खरा रोग त्यांनी दुसरीकडे दाखवला. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, त्यातले कित्येक हात रिकामे बसलेत, आणि त्यांना दुसरं काम नाही. उपाय कारखानदारीचा. पुढे १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात छोट्या खात्यांचं विधेयक आलं, तेव्हाही ते विरोधात बोलले. विधेयक बारगळलं. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा शेवटी १९४७ मध्ये झाला. त्यातून गावोगाव सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले, नकाशावर तुकडे जुळले, आणि पुष्कळ गावांत वहिवाट मात्र जिथल्या तिथे राहिली. गट एकाचा, कसतो दुसरा, असे वाद अजून तहसील कचेरीत चालू आहेत.

आंबेडकरांचं म्हणणं कागदावर येण्याआधीच पिंपळे सौदागरात घडत होतं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना हाकेच्या अंतरावर होता आणि गावातली माणसं तिथे कामाला जात. जातेगावला असा कारखाना नव्हता. दोन्ही गावांतल्या तुटीच्या घरांची टक्केवारी, एकीकडे ६५ आणि दुसरीकडे ८५, हा बराचसा या अंतराचा परिणाम. पिंपळे सौदागरची फेरपाहणी पी. डी. डिसकळकरांनी केली, ती १९६० मध्ये छापून आली. त्यानंतर तिथे शेतीची पाहणी करण्याजोगी शेतीच राहिली नाही. आज ते पिंपरी-चिंचवड महापालिकेतलं उंच इमारतींचं उपनगर आहे आणि तिथली जमीन एकरावर नाही, चौरस फुटावर बोलली जाते.

मान यांच्या तक्त्यांत न दिसणारी बाजू घराच्या आत होती. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं, म्हणजे याच काळातलं. मुलकी खात्यात नोकरी करताना पाहिलेलं गाव त्यांनी त्यात उतरवलं. बलुतेदार, फिरस्ते, सावकार, कुलकर्णी असे शेतकऱ्याच्या खळ्यावर हात पसरणारे सगळे त्यात आहेत. खळ्यावर रास पडली की ती घरी जाण्याआधीच तिला पाय फुटत. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, महार, मांग यांचं बलुतं, देवाचं, सावकाराचं. हे नुसतं वाटप नव्हतं. औताचा फाळ, चपला, मोट, हजामत असं सगळं वर्षभराचं काम त्यात यायचं, पैसा मधे न येता. पण ज्याच्या वाट्याला जमीनच नाही आणि रास तर दुसऱ्याची, त्याच्या दृष्टीने हा गाडा कसा चालत होता, ते गोड आठवणीत येत नाही.

उरलेलं धान्य कणगीत किंवा पेवात. ते पुरायचं कुठवर? पुणे-नगरच्या बाजूला रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या सुमाराला घरी येते, खरिपाची बाजरी भाद्रपद-आश्विनात. मधला आषाढ-श्रावण सगळ्यात कठीण, कारण कणगी तळाला गेलेली असायची आणि नेमकी तेव्हाच पेरणी, खुरपणी, कोळपणीची कष्टाची कामं. तेव्हा कण्या, हुलग्याचं माडगं, रानातला तांदुळजा, पाथरी, कुर्डू. नाहीतर सावकाराकडून धान्य, सवाईने किंवा दिढीने, म्हणजे पायलीला सुगीत सवा किंवा दीड पायली परत. गहू सणाला, भात पाहुण्याला. जेवायला बसण्याचा क्रमही ठरलेला: पुरुष, मुलं, मग सासू, शेवटी सून. मान यांनी १०३ घरांचा हिशेब केला, पण एका घरात तुटीचं ओझं कोणाच्या ताटावर पडत होतं हे त्यात कळत नाही. हा दोष त्यांचा एकट्याचा नाही. कुटुंब हे एक खातं धरून चालणारे सगळे हिशेब आजवर तेच करत आले आहेत.

जात्याचंच घ्या. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडू होतं. एकदम दळून ठेवता येत नाही. म्हणजे आठ माणसांच्या घरात पहाटेचं दळण टळत नसे, ताप असो की बाळंतपण नुकतं झालेलं असो. जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह आपण फार कौतुकाने छापले. पण गावात ऑइल इंजिनावरची पिठाची गिरणी आली तेव्हा एकही बाई जात्यासाठी रडली नाही. खेड्यातल्या राहणीमानात कोणत्या एका यंत्राने सर्वांत जास्त फरक पाडला असं कोणी विचारलं, तर मी ट्रॅक्टरच्या आधी गिरणीचं नाव घेईन आणि तिच्या मागोमाग हातपंपाचं.

बैलांचीही तीच ओढाताण. काळ्या रानात खोल नांगरट करायला तीन-चार जोड्या लागायच्या आणि सात एकरवाल्याकडे एक जोडी, कित्येकांकडे एकच बैल. म्हणून सावड. तुझा बैल आणि माझा बैल, आज तुझं रान, उद्या माझं. मोठं काम असलं की इर्जिक घालायची, सगळ्या गावाने औतं आणायची आणि धन्याने जेवण घालायचं. या रीतीत आपुलकी होती हे खरं, पण ती अडचणीतून आलेली होती. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आला, तो पुढच्याच हंगामात सावडीतून बाहेर पडला.

बाहेरच्या पैशाचा मोठा ओघ मुंबईच्या गिरण्यांमधून आला. कोकण, सातारा, कोल्हापूर, पुण्याचा घाटाकडचा भाग. थोरला भाऊ शेतावर, धाकटा गिरणीत, किंवा उलट. गिरणीतला भाऊ गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर झोपायचा, खानावळीत जेवायचा, आणि महिन्याला मनीऑर्डर करायचा. एकत्र कुटुंब टिकलं ते संस्काराने, असं म्हणायची पद्धत आहे. संस्कार असतीलही, पण त्यामागे एक सरळ करारही होता. मुंबईचा भाऊ पगारातून सावकाराचं व्याज भरणार, विहिरीचा कातळ फोडून देणार, बैल घेऊन देणार; गावचा भाऊ त्याची जमीन आणि त्याची बायकामुलं सांभाळणार. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांत गिरणीच्या जागी फौज होती आणि म्हातारपणी पेन्शन.

हा करार उलट्या बाजूनेही पाळला गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप लांबत गेला तसे हजारो गावी परतले. इतकी वर्षं ज्या जमिनीत पगार ओतला होता, तिने काही महिने त्यांना भाकरी दिली. काही महिनेच. गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, आणि दोन-तीन एकरांवर दोन भावांची घरं बसली तेव्हा कित्येक ठिकाणी वाटण्या झाल्या.

त्याआधी १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. त्याच्याबद्दल बोलताना जुनी माणसं तारखा सांगत नाहीत, मिलो आणि सुकडी सांगतात. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची आणि कामावर सुकडी. खडी फोडायची, नालाबांध घालायचे, पाझर तलाव खोदायचे. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. एकाच वेळी एवढ्या लोकांना सरकारने रोजावर घेतल्याचं उदाहरण जगात शोधून काढावं लागेल. त्यात अडीच-तीन एकरांचे मालक होते, मजूर होते, आणि पाटलाच्या घरच्या बायकाही होत्या. तोवर ज्या घरच्या सुना उंबऱ्याबाहेर दिसत नसत, त्या घमेलं डोक्यावर घेऊन हजेरीला उभ्या राहिल्या. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला होता. आजही पगाराच्या चिठ्ठीवर ती छोटीशी कपात दिसते. कुठून आली हे फार थोड्यांना माहीत असतं.

दुष्काळाने आणखी एक गोष्ट दिली. कातळात बोअर घेणारी यंत्रं गावोगाव फिरली आणि तिथे बसलेले सुरुवातीचे ओतीव लोखंडी पंप भराभर मोडू लागले. त्यावर सोलापूर आणि जालना भागातल्या कारागिरांनी मजबूत बनावटीचे पंप तयार केले. सोलापूरच्या पंपाच्या धर्तीवर युनिसेफच्या मदतीने पुढे ‘इंडिया मार्क टू’ हातपंप घडला आणि तो आफ्रिकेतल्या देशांपर्यंत गेला. हंडे घेऊन नदीचा चढ चढणं ज्या बाईचं थांबलं, तिचा दिवसातला तास-दीड तास त्याने वाचवला.

ताटात काय बदललं? १९६४ मध्ये ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, आला. उतारा भरपूर, पण लोकांनी तोंड वाकडं केलं. भाकरीला चव नाही, दाणा काळा पडतो, आणि मुख्य म्हणजे ताट बुटकं. शेतकरी ज्वारी नुसती दाण्यासाठी घेत नव्हता, कडब्यासाठीही घेत होता. बैल आणि म्हैस त्यावर वर्ष काढायची. म्हणून रब्बीत मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी टिकून राहिली. पुढे बैल गेले तशी कडब्याची गरज आटली, खरिपातल्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि रेशनवर गहू-तांदूळ येऊ लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला. जानेवारी २०२३ पासून तर फुकट. आषाढ-श्रावणातली रिकामी कणगी यामुळे इतिहासजमा झाली, आणि हे लहान काम नाही. त्याच वेळी चांगली मालदांडी बाजारात गव्हाहून महाग झाली. पूर्वी सणाला जे खायचे ते आता रोज आणि रोजचं होतं ते हौसेने.

भिंती मातीच्या होत्या त्या विटांच्या झाल्या, धाब्याच्या जागी पत्रा, मग स्लॅब. दारात मोटारसायकल, घरात गॅस, खिशात मोबाइल. मान आज आले असते तर तुटीच्या घरांची व्याख्या त्यांना नव्याने करावी लागली असती. पण जमीन? महाराष्ट्रातलं सरासरी खातं १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झालं. आणि हिशेब तसाच आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकांचे ३,७९८, मजुरी-पगाराचे ४,०६३. सहा वर्षांपूर्वीच्या पाहणीत पीक पुढे होतं, मजुरी मागे. हा आकडा देशाचा, एकट्या महाराष्ट्राचा नाही, पण पिंपळे सौदागरच्या २८ घरांचं वंशसातत्य त्यात दिसतं.

खर्चाची बाजू मात्र पार फिरली. पूर्वी कर्ज व्हायचं ते बैल, बियाणं, शेतसारा आणि लग्न यांसाठी. त्यातलं लग्न तेवढं हटलेलं नाही. नवी कर्जं इंग्रजी शाळेची फी, दवाखाना, बोअर आणि आटलेल्या बोअरनंतरचा दुसरा बोअर यांची आहेत. स्थळं पाहताना मुलीकडचे आधी विचारतात मुलगा नोकरीला आहे का, मग विचारतात रान किती. जावई शेतकरी नको, पण सातबारा हवा. लोक याला हसतात. मला तर तो खेड्यातला सर्वांत अचूक आर्थिक अहवाल वाटतो. मिळकत पगारातून येते आणि जमीन ही पत, हे मुलीच्या बापाला अर्थतज्ज्ञांआधी कळलं.

ज्यांना पगार मिळाला नाही ते कोयत्यावर गेले. बीड, पाथर्डी, आष्टी, जामखेडच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीनंतर टोळ्या निघतात. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती उसाच्या टनावर फेडायची. मार्च-एप्रिलला परत यायचं, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी पेरलेलं काढून ठेवलेलं असतं, ते खायचं, आणि पावसाळा संपला की पुन्हा उचल. ही घरंही शेतकरीच आहेत, त्यांच्या नावावर एकर-दोन एकर आहे. पश्चिम महाराष्ट्रातली सहकारी साखर, प्रवरानगरपासून १९५० मध्ये सुरू झालेली, ज्या समृद्धीची साक्ष म्हणून दाखवली जाते, ती या घरांच्या सहा महिन्यांच्या पाचटाच्या खोपीवर उभी आहे. एकटीला कोयता धरता येत नाही म्हणून मुलींची लग्नं लवकर लावली जातात. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड, हे तिथलं गणित होतं.

पुरुष असे बाहेर कमावू लागले तशी शेती बाईच्या अंगावर येत गेली. पेरणी, खुरपणी, काढणी, जनावरं, डेअरीला दूध घालणं, बचत गटाचा हप्ता. सातबाऱ्यावर मात्र नाव त्याचं. १९८९-९० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करणाऱ्या शेतकऱ्यांचे सत्कार गावोगाव घेतले. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तोवर बहिणीचं नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात टाकून द्यायची रीत होती. आता वारस म्हणून ते वरच्या बाजूला लागतं, आणि लागल्यावर काही महिन्यांत भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन येतो. बहीण बहुधा सही करते. दीड एकरातले दहा गुंठे घेऊन माहेर तोडायचं, की दिवाळीला येण्या-जाण्याची वाट मोकळी ठेवायची, असा तिच्यापुढचा हिशेब असतो. अलीकडे मात्र जमीन रस्त्यालगत असली, किंवा ‘एनए’ होण्याजोगी असली, की बहिणी वकील गाठू लागल्या आहेत.